सहाव्या घरातली गुंडाळी

१

टॅमरॅक राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण फाटकावर डेल्फीन ओस्टबी एकतीस वर्षं एकच प्रश्न विचारत आली होती. "गाडीत भरलेलं हत्यार आहे का?" लोक हसत, चिडत, राज्यघटनेतलं हत्याराच्या हक्काचं कलम म्हणून दाखवत, पण शेवटी हत्यार रिकामं करून सामानात गाडत आणि मुकाट आत जात. नियमच तसा होता. त्या गुरुवारी सकाळी मात्र हत्यार उलट्या बाजूने, उद्यानातून बाहेर आलं, आणि तेही मुख्य रेंजर लायल मॅक्कीनच्या हातातल्या पारदर्शक पिशवीतून.

"ओळखतेस?" लायलने विचारलं.

जुन्या घडणीचं सहाबारी रिव्हॉल्व्हर, हरणाच्या शिंगाची मूठ, मुठीच्या कोपऱ्याला उडालेला टवका. ते न ओळखायला ती आंधळी नव्हती.

"एम्मेटचं आहे. कुठे मिळालं?"

"विलो कुरणात, झुडपात. जुनिपरपासून चाळीस पावलांवर." लायलने डोक्यावरची टोपी काढली. "ती गेली, डेल्फीन. काल दुपारी. समोरून, अगदी जवळून, छातीत एक गोळी."

डेल्फीनने खिडकीची चौकट धरली. रेंजरांच्या वहीत एकतीस नंबर, पण गावासाठी जुनिपर. कपाळावर पांढरट पट्टा असलेली ती अस्वलीण बारा वर्षं गावाच्या डोळ्यांसमोर होती. तिची दोन पिल्लं यंदा पहिल्यांदाच स्वतंत्र हिंडायला लागली होती.

"पाच काडतुसं जिवंत, एक उडालेलं," लायल म्हणाला. "काल दिवसभर एम्मेट आतच होता. मे महिन्यात तिने त्याचं खेचर फाडलं, तेव्हा कॅफेत बसून तो काय बोलला, ते तूही ऐकलंयस. 'पुन्हा भेटली तर आमच्यातलं एकच घरी जाईल.' सोमवारी त्याला न्यायालयात उभं करायचंय. आणि परवाच्या सभेत अधीक्षक जाहीर करणार, त्याच्या खेचरांना उद्यानात कायमची बंदी."

एम्मेट ट्रॅस्क एकाहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याची खेचरं डोंगरातल्या चौक्यांवर पीठ, खिळे आणि औषधं पोचवत होती. त्याला खेचरांशिवाय दुसरं जग नव्हतं. त्याची बायको इंग्रिड ही डेल्फीनची थोरली बहीण. ती चार वर्षांपूर्वी गेली, जाताना धाकटीचा हात धरून एवढंच म्हणाली, "त्या हट्टी म्हाताऱ्याकडे बघ." डेल्फीनने मान हलवली होती, आणि ओस्टबींच्या घरात मान हलवणं म्हणजे शपथ.

"पिशवी पुन्हा दाखव," ती म्हणाली. उजेडाला धरून तिने पाहिलं. "सहाच्या सहा घरं भरलेली?"

"पाच आणि एक सहा. हे शाळेतल्या पोरालाही येतं. डेल्फीन, तुझा मेव्हणा आहे म्हणून तुला वाईट वाटणार, पण यात पडू नकोस."

डेल्फीनने पिशवी परत केली. मंगळवारी सकाळी नऊ वाजता हेच रिव्हॉल्व्हर तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर होतं. एम्मेटने नेहमीसारखं बाजूचं झाकण उघडून एकेक काडतूस आपल्या तंबाखूच्या डब्यात टाकलं होतं. त्या डब्यात आधीचीही दहाबारा असायची. ठण, ठण, ठण, ठण, ठण. तो आवाज तिला आताही ऐकू येत होता.

लायलची गाडी वळली, तशी एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने भर कामाच्या वेळी खिडकी लावली आणि 'लवकरच परत येते' ही पाटी टांगली.

२

एम्मेट गोठ्यापाशी ओंडक्यावर बसला होता. उठला तेव्हा नेहमीसारखा डावा पाय ओढत उठला. एकोणिसाव्या वर्षी त्या पायाची दोन बोटं गेली होती. कशी गेली, ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, आणि नव्या माणसांना सांगायला तो जात नसे.

"लायलला काय सांगितलंस?"

"मी मारली नाही, हे सांगितलं."

"आणखी?"

"आणखी काय सांगायचं? एकदा सांगितलेलं पुरत नसेल, तर दहादा सांगून काय उपयोग?"

हा असा माणूस. देवाने जीभ दिली ती खेचरांशी बोलायला. डेल्फीनने कपाळावर हात मारला नाही इतकंच.

"बंदूक कधी गेली?"

"मंगळवारी. फाटकाच्या आतल्या तळावर मी बेसी खेचराचा नाल ठोकत होतो. खोगीराची पिशवी कुंपणावर होती. निघताना पाहिलं तर बंदूक नाही, डबा नाही."

"आणि तू गप्प बसलास."

"चाळीस वर्षांच्या खेचरवाल्याची बंदूक चोरीला गेली, हे कुणाला सांगू? कॅफेत वर्षभर हसले असते." तो मातीकडे बघत राहिला. "बंदूक जाऊ दे गं. डबाही जाऊ दे. ती गुंडाळी गेली."

डेल्फीनला गुंडाळी ठाऊक होती. त्या गुंडाळीला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी तिने बहिणीच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं, ते आज पाहिलं.

"तळावर त्या वेळी कोण कोण होतं?"

"तिघं. मिरियम सॉयर, तिची यंत्रं वर पाठवायची होती. वेस्ली प्राउट, त्या सभेसाठी सह्या गोळा करत हिंडत होता. आणि कर्टिस पेल. त्याचे तंबू माझ्याच खेचरांवर होते." मग तो कडवट हसला. "वेस्ली सकाळी येऊन गेला. म्हणतो, 'एम्मेट, नुसतं म्हण की अस्वल अंगावर आलं आणि तू जीव वाचवायला गोळी घातलीस. राज्यातला सगळ्यात मोठा वकील तुला फुकट देतो. सभेत तुला खांद्यावर घेऊन नाचू.'"

"मग?"

"मी म्हटलं, मी तिथे नव्हतोच."

"इतका घाईने सुटायचा रस्ता कुणी देत असेल," डेल्फीन उठत म्हणाली, "तर आधी त्याच्याच दारात जायला हवं."

३

त्या जूनमध्ये, म्हणजे २००८ साली, अख्खं लार्कस्पर गॅप गाव दोन तुकड्यांत फाटलं होतं. उद्यानात भरलेली बंदूक जवळ बाळगू द्यावी, असा नवा नियम वॉशिंग्टनात घाटत होता आणि लोकांची मतं मागवली होती. भाऊ भावाशी बोलेना. चर्चमध्ये डाव्या बाकांवर एक बाजू, उजव्या बाकांवर दुसरी. शनिवारी शाळेच्या जिममध्ये सभा होती.

वेस्ली प्राउटचं बंदुकांचं दुकान म्हणजे एका बाजूची राजधानी. वेस्ली एका पातेल्यात चरबी वितळवत होता. शिशाच्या गोळ्यांना ती लावतात.

"व्हर्नाच्या कॅफेतली," तो म्हणाला. "बेकन भाजून उरलेली. मी एक डबा नेतो, कर्टिस त्याच्या तव्यासाठी एक नेतो. डेल्फीन, तुझा काय पक्ष?"

"माझा पक्ष एम्मेट. मंगळवारी तू तळावर होतास."

वेस्ली दुखावला. "तुला वाटतं मी जुनिपरला मारीन? एक सांगतो. सभेआधी एखादं अस्वल कुणाच्या अंगावर यावं, असं मनात आलं होतं. नाही म्हणत नाही. पण एम्मेटच्या खोगीरात हात घालणं? तो माझ्या बापाचा दोस्त होता." त्याने पातेलं खाली उतरवलं. "आणि ते त्याने केलं असेल तर चांगलंच केलं, असंही मी म्हणणार."

"त्याने केलं नाही."

"मग फारच वाईट झालं," वेस्ली खरोखरच मनापासून म्हणाला.

मिरियम सॉयर दुसऱ्या बाजूची पुढारी. अस्वलांच्या अभ्यासात तिची वीस वर्षं गेली होती. डेल्फीन गेली तेव्हा ती जुनिपरच्या गळपट्ट्यातलं, माग काढायचं यंत्र हातात घेऊन बसली होती.

"मघाशी मला वाटून गेलं, की हिच्या मरण्याने सभेत शंभर भाषणांचं काम होईल," मिरियम म्हणाली. "मग स्वतःचीच शिसारी आली. एम्मेटला मी माफ करणार नाही, डेल्फीन."

"माफ करायला त्याने आधी काही करायला हवं ना. तुला तिथे काय दिसलं?"

मिरियमने नाक पुसलं. "एक विचित्र गोष्ट. तिच्या तोंडाला बेकनची चरबी होती. कुरणातल्या त्या सपाट खडकाला पण. पावसाने सगळं धुतलं, पण चरबी पाण्याने जात नाही. कुणीतरी तिला तिथे यायची सवय लावली होती."

डेल्फीन थांबली. जे अस्वल मारायचंय, त्याला जेवायला घालून सवय कोण लावेल? आणि ती चरबी गावात दोघांच्याच घरी जात होती.

४

कर्टिस पेल सहा वर्षांपूर्वी किनाऱ्याकडून आला. पर्यटकांना अस्वलं दाखवायची, फोटो काढून द्यायचे, हा त्याचा धंदा. 'पेलबरोबर गेलात तर अस्वल दिसणारच,' अशी त्याची ख्याती होती. शनिवारच्या सभेत तो मिरियमच्या बाजूने बोलणार होता, जुनिपरचे शेवटचे फोटो पडद्यावर दाखवून. त्याने डेल्फीनला कॉफी दिली. ती कालच्या चोथ्यावरच पुन्हा उकळलेली होती. माणूस उदार म्हणून कधीच कुणी ओळखला नव्हता.

"बुधवारी मी उत्तरेच्या तळ्यावर होतो. एकटाच. माझे पाहुणे शुक्रवारी यायचेत," तो म्हणाला. "लांबून एक बार ऐकला. मग झाडीतून एक माणूस घाईने जाताना दिसला, पाय ओढत. मला म्हाताऱ्याचं वाईट वाटतं, पण लायलला खरं ते सांगावंच लागलं."

"तू बंदूक बाळगत नाहीस?"

"मला बंदुकीचं वावडं आहे. पकडायची कुठून तेही कळत नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे."

भिंतभर जुनिपर होती. वसंतातली जुनिपर, हिमातली जुनिपर, पिल्लांसह जुनिपर. सुरेख फोटो, त्यात खोटं नाही. डेल्फीन एकेका फोटोपुढे उभी राहिली. प्रत्येक फोटोत अस्वलीण त्याच सपाट खडकावर होती आणि प्रत्येकात तिचं नाक खाली होतं.

"तिचा आवडता खडक दिसतो."

"प्राण्यांच्या सवयी," कर्टिस म्हणाला. "त्या ओळखायला वर्षं लागतात."

बाहेर पडताना डेल्फीनच्या मनात चित्र जमत आलं होतं. पण मनातलं चित्र न्यायालयात चालत नाही. खडकावर चरबी लावणं गुन्हा होता, तरी त्याने एम्मेट सुटत नव्हता. आणि एक दिवस उरला होता.

५

शुक्रवारी दुपारी ती मॅग्पाय कॅफेत काउंटरपाशी बसली. व्हर्नाने न विचारता हकलबेरी या रानफळांची पेस्ट्री पुढे सरकवली. डेल्फीन गेली कित्येक वर्षं त्याच स्टुलावर बसून, त्याच भिंतीकडे बघत खात होती. त्या भिंतीवर लोकांनी दिलेल्या नोटा टाचण्यांनी लावलेल्या असत. कुणी त्यावर नाव लिही, कुणी लग्नाची तारीख.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. वरून दुसऱ्या ओळीत एक नोट भिंतीला चिकटून राहायला तयार नव्हती. टाचणीच्या खालून ती वळून वर आली होती, वाळलेल्या पानासारखी घट्ट.

"व्हर्ना, ती कुठली?"

"ती होय? दोन डॉलरची. लोक अपशकुनी मानतात, हातात आली की खपवून टाकतात. काल सकाळी सातला टीप म्हणून मिळाली. गल्ल्यात सपाट राहीना मेली, म्हणून लावली वर. त्याच्याकडून टीप मिळाली, हेच मला नवल वाटलं, म्हणून चांगलं लक्षात आहे."

"कुणाकडून?"

व्हर्नाने नाव सांगितलं. डेल्फीनने काटा खाली ठेवला. मग उठून, चष्मा लावून, त्या नोटेच्या वळलेल्या कडेवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं. दोनदा वाचलं. अक्षर तिने लहानपणापासून ओळखलेलं होतं.

"व्हर्ना, हिला हात लावू नकोस. उद्या सभेला येताना टाचणीसकट घेऊन ये. आणि तुझा तो सहा वाट्यांचा गोल मफिनचा साचा लागेल. आणि मूठभर घेवड्याचे दाणे."

"दाणे कशाला?"

"बंदूक भरायला. शाळेत खरी नेता येत नाही ना."

६

जिम खचाखच भरलं होतं. सभेचा नियम गावाला पाठ होता. नाव नोंदवायचं, नंबर आला की माइकपाशी जायचं, तीन मिनिटं बोलायचं आणि घंटा वाजली की गप्प बसायचं. भले तुमचं वाक्य अर्ध्यात असो. डेल्फीनचा नंबर एकोणीस होता.

अठरा जण बोलून गेले. कर्टिसने जुनिपरचे फोटो दाखवले तेव्हा बायाबापड्या रडल्या. शेवटच्या बाकावर, लायलशेजारी, एम्मेट हात मांडीवर ठेवून बसला होता. अधीक्षकांच्या टेबलावर एक कागद पडला होता. बंदीचा हुकूम. फक्त वाचायचा बाकी होता.

"एकोणीस. डेल्फीन ओस्टबी."

तिने माइकपाशी मफिनचा साचा ठेवला. लोक हसले.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मी फाटकावर प्रश्न विचारते. आज तिघांना विचारते. वेस्ली, कर्टिस, एम्मेट, पुढे या. हे सहा घरांचं जुनं रिव्हॉल्व्हर समजा. हे सहा दाणे. कमरेला लावून डोंगरात जायचंय, खेचरावर बसून. भरा."

वेस्लीने हसत पाच दाणे टाकले, सहावा परत दिला. डेल्फीनने साचा रिकामा केला, तसा एम्मेट पाय ओढत आला. त्याने एक टाकला, एक घर सोडलं, मग चार टाकले आणि उरलेला दाणा तिच्या तळहातावर ठेवला. कर्टिसने खांदे उडवले. "मला यातलं काही कळत नाही. सहा घरं, सहा दाणे." त्याने सहाही भरली.

जिममध्ये कुठेतरी एक म्हातारा खाकरला. मग दुसरा. जुन्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. लायल उभा राहिला होता.

"वेस्ली, पाचच का?"

"जुन्या बंदुकीत घोडा थेट काडतुसावर टेकून बसतो," वेस्ली म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत चाललं होतं, कारण त्याला आता कळत होतं. "दणका बसला की बार उडतो. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. पाचच भरायची. हे आम्हाला आज्यांनी शिकवलं."

"आणि एम्मेटला?"

"माझ्या पायाने शिकवलं," एम्मेट म्हणाला. "एकोणिसाव्या वर्षी सहा भरली होती. बावन्न वर्षं झाली. सहावं पुन्हा भरलं नाही."

"झुडपात सापडलेल्या बंदुकीत पाच जिवंत आणि एक उडालेलं होतं," डेल्फीन म्हणाली. "एम्मेटने एक बार काढला असता, तर चार जिवंत, एक उडालेलं, आणि एक घर..."

घंटा वाजली. तीन मिनिटं संपली.

अधीक्षक घसा खाकरून म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"माझी तीन मिनिटं तिला द्या," वेस्ली म्हणाला.

"माझीही," मिरियम सॉयर दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. आणि मग जी गोष्ट त्या गावात अख्ख्या उन्हाळ्यात घडली नव्हती, ती घडली. डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे लोक एकामागून एक उठून आपापली तीन मिनिटं डेल्फीनला देऊ लागले. अधीक्षकांनी घंटा उचलून टेबलाखाली ठेवली.

कर्टिस शांत होता. "एम्मेटने बुधवारी सहा भरली असतील. आणि सहा भरणारे माझ्यासारखे हजार लोक असतील. यात काय सिद्ध झालं?"

"काही नाही," डेल्फीन म्हणाली. "सहा भरणाऱ्यांना पकडायचं तर अर्धा देश पकडावा लागेल. पण एम्मेटचं सहावं घर नुसतं रिकामं नसतं. जुने गुराखी त्या घरात एक नोट गुंडाळून ठेवायचे. डोंगरात मेलो, तर ज्याला सापडेन त्याने पुरायच्या खर्चाला घ्यावी म्हणून. एम्मेटला ती नोट माझ्या बहिणीने लग्नाच्या दिवशी दिली. मंगळवारी सकाळी नऊ वाजता, बंदूक माझ्या खिडकीत रिकामी झाली, तेव्हा ती गुंडाळी सहाव्या घरात होती. मी या डोळ्यांनी पाहिली. तासाभराने बंदूक चोरीला गेली. सहावं काडतूस घालायचं तर चोराला गुंडाळी काढावीच लागणार. व्हर्ना, दाखव."

व्हर्ना उठली. तिच्या बोटांत टाचणी होती आणि टाचणीवर ती वळलेली नोट.

"ही तुला कुणी दिली?"

"यानेच. कर्टिसने. गुरुवारी सकाळी सातला, अंडी खाऊन झाल्यावर. सहा वर्षांतली पहिली टीप." सगळं जिम हसलं.

"नोटा हातोहात फिरतात," कर्टिस म्हणाला, पण त्याचा आवाज आता त्याचा राहिला नव्हता. "मला कुठेतरी सुट्ट्यात मिळाली असेल."

"मंगळवार ते गुरुवार ही नोट ज्याच्याकडे होती, त्याच्याकडेच बंदूक होती. कुणाकडून मिळाली, त्याचं नाव सांग, आपण त्याला विचारू." डेल्फीनने व्हर्नाच्या हातून नोट घेतली आणि चष्मा लावला. "नाही सांगता येत? मग मी वाचते. कडेला लिहिलंय, 'तुझ्या शेवटच्या खर्चासाठी. त्याआधी उडवलीस तर माझ्याशी गाठ आहे. इंग्रिड.'"

एम्मेटने तोंड हातांत झाकलं.

"प्रत्येक फोटोत तोच खडक, आणि जुनिपरचं नाक खाली," मिरियम हळूहळू म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "चरबी तू लावत होतास."

कर्टिस मटकन खुर्चीत बसला. "पाहुणे अस्वलासाठीच पैसे देतात," तो म्हणाला. "ती दिसायलाच हवी होती. पण या वर्षी ती फार जवळ यायला लागली. माझीच वाट बघत बसायची. म्हणून बंदूक उचलली, नुसती धाक म्हणून. बुधवारी चरबीचा डबा उघडायच्या आतच ती अंगावर आली. मला मारायची नव्हती तिला. खरंच नव्हती."

"ते मी मानते," डेल्फीन म्हणाली. "पण नंतर त्या पाय ओढणाऱ्या माणसाची गोष्ट लायलला सांगितलीस, तेव्हा कुणीही तुझ्या अंगावर आलेलं नव्हतं."

लायलने येऊन कर्टिसच्या खांद्यावर हात ठेवला. अधीक्षकांनी टेबलावरचा कागद उचलला, सावकाश चार तुकडे केले आणि खिशात घातले. आधी वेस्लीने टाळी वाजवली की मिरियमने, यावर गावात अजून वाद आहे. पण बाकं हादरेपर्यंत टाळ्या वाजल्या. लोकांनी एम्मेटला खरोखरच खांद्यावर घेतलं. एका बाजूला वेस्लीचा खांदा होता, दुसऱ्या बाजूला मिरियमच्या दणकट नवऱ्याचा. एम्मेट ओरडत होता, "खाली ठेवा रे, पाय दुखतोय." कुणी ऐकलं नाही.

मग सभा पुढे सुरू झाली, आणि नियम बदलावा की बदलू नये, यावर लोक जेवणाच्या वेळेपर्यंत कडकडून भांडले. पण त्या दिवसापुरतं, भांडणाऱ्या प्रत्येकाने समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं.

७

बंदूक परत मिळायला ऑगस्ट उजाडला. पुढच्याच मंगळवारी सकाळी नऊ वाजता सात खेचरांची रांग दक्षिण फाटकाशी येऊन उभी राहिली. मिरियमचा निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता, जुनिपरची दोन्ही पिल्लं वरच्या दरीत धडधाकट दिसली होती, माणसांपासून लांब, नदीत मासे पकडताना.

एम्मेट उतरला. त्याने बाजूचं झाकण उघडलं. ठण, ठण, ठण, ठण, ठण. सहाव्या घरात हिरवट गुंडाळी होती, आधीपेक्षा जरा चुरगळलेली, कडेला टाचणीचं भोक पडलेली. त्याने ती अंगठ्याने नीट आत दाबली.

डेल्फीनला माहीत होतं, की आज ना उद्या वॉशिंग्टनातून कागद येईल आणि हा प्रश्न विचारायचं तिचं काम संपेल. किंवा नाही येणार. आज तरी काम तिचं होतं. तिने पाठ ताठ केली आणि एखाद्या अनोळखी पर्यटकाला विचारावं तसं, मोठ्या आवाजात विचारलं, "भरलेलं हत्यार आहे का?"

"नाही, बाई," एम्मेट म्हणाला. "आणि भरलेलं असतं, तेव्हाही पुरतं भरलेलं नसतं."

तिने फाटक उघडलं. सात खेचरं घंटा वाजवत आत गेली, आणि त्यांच्यापुढे एक म्हातारा, पाय ओढत पण मान वर करून, आपल्या डोंगरात परत गेला.